ज्युनियर कॉलेजमधून कॉलेज फुटबॉलमध्ये: पात्रतेचा हिशोब पहिल्या सेमिस्टरपासून कसा मांडायचा

आधी शब्दांचा घोळ मिटवू. महाराष्ट्रात ज्युनियर कॉलेज म्हणजे अकरावी-बारावी. अमेरिकेत ज्युनियर कॉलेज म्हणजे बारावीनंतरचं दोन वर्षांचं कॉलेज. त्यालाच कम्युनिटी कॉलेज म्हणतात, आणि खेळाडू त्याला नुसतं ‘जुको’ म्हणतात. फुटबॉल म्हणजे इथे हेल्मेट आणि पॅड घालून खेळायचा अमेरिकन फुटबॉल. दोन वर्षं जुकोत खेळायचं, मग चार वर्षांच्या विद्यापीठाच्या संघात जायचं, हा तिथला जुना रस्ता आहे. आरन रॉजर्स कॅलिफोर्नियातल्या ब्यूट कॉलेजमधून बर्कलीला गेला. कॅम न्यूटन टेक्ससच्या ब्लिन कॉलेजमधून ऑबर्नला गेला आणि २०१० मध्ये त्याने वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूची हाइझमन ट्रॉफी जिंकली.

या रस्त्यावर क्रेडिटांची मोजणी तीनदा होते आणि तिन्ही वेळा आकडा वेगळा निघतो. पहिला आकडा जुकोच्या ट्रान्स्क्रिप्टवरचा (अधिकृत गुणनोंदीवरचा), म्हणजे एकूण मिळवलेल्या क्रेडिटांचा. दुसरा, त्यातली किती क्रेडिट नवं विद्यापीठ स्वीकारतं त्याचा. तिसरा, स्वीकारलेल्यांपैकी किती क्रेडिट तुम्ही निवडलेल्या पदवीत बसतात त्याचा. पालक आणि मुलं बहुतेक वेळा पहिल्याच आकड्यावर विसंबतात. एनसीएए, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची नियामक संघटना, मोजते ते दुसरा आणि तिसरा आकडा.

सुरुवात हायस्कूलपासून: तुम्ही क्वालिफायर आहात का?

सगळं पुढचं गणित या एका प्रश्नाच्या उत्तरावर ठरतं, आणि त्याचं उत्तर हायस्कूल संपतानाच जवळपास पक्कं झालेलं असतं. डिव्हिजन १, म्हणजे एनसीएएच्या सर्वांत वरच्या गटासाठी क्वालिफायर (पहिल्या वर्षापासून खेळायला पात्र) ठरायला हायस्कूलमध्ये १६ कोअर कोर्स (मान्य मुख्य विषय) लागतात: इंग्रजीची ४ वर्षं, गणिताची ३ (अल्जेब्रा १ किंवा त्यापुढचं), विज्ञानाची २, इंग्रजी, गणित किंवा विज्ञानातलं आणखी १, समाजशास्त्रांची २, आणि मान्य विषयांची आणखी ४. या १६ मधले १० कोर्स सातवं सेमिस्टर सुरू होण्याआधी, म्हणजे बारावीच्या वर्षात पाऊल टाकण्याआधी पूर्ण हवेत, आणि त्या दहांपैकी ७ इंग्रजी, गणित किंवा विज्ञानाचे हवेत. कोअर कोर्समधला जीपीए (चारपैकी ग्रेडांची सरासरी) किमान २.३. एसएटी आणि एसीटी या प्रवेशपरीक्षांची अट २०२३ मध्ये निघाली.

जुकोतले उत्तम गुण हा शिक्का बदलत नाहीत. जुकोत चारपैकी चार जीपीए आणला तरी हायस्कूलमध्ये नॉन-क्वालिफायर ठरलेला मुलगा नॉन-क्वालिफायरच राहतो. त्याला फक्त जास्त लांबची वाट चालावी लागते.

म्हणून जुकोत पहिला आठवडा सुरू होण्याआधी एनसीएएच्या एलिजिबिलिटी सेंटरमध्ये खातं उघडा. फुकटचं प्रोफाइल पान पुरत नाही. शैक्षणिक आणि हौशीपणा (व्यावसायिक खेळाडू नसणं) अशा दोन्ही प्रमाणपत्रांचं खातं लागतं. हायस्कूलचं अंतिम ट्रान्स्क्रिप्ट, पदवीदानाच्या नोंदीसह, शाळेने स्वतः पाठवायला हवं. तुम्ही स्कॅन करून पाठवलेली प्रत चालत नाही. दोन हायस्कूल बदलली असतील तर दोघांचंही लागतं.

इथे मराठी घरांमध्ये नेहमी एक गोष्ट सुटते. मुलगा नववी-दहावी पुण्यात किंवा नाशकात करून मग अमेरिकेत आला असेल, तर नववीपासूनच्या सगळ्या गुणपत्रिका द्याव्या लागतात. दहावी बोर्डाचं मार्कशीट इंग्रजीत असतं. नववीचा निकाल मात्र मराठी माध्यमाच्या शाळेचा असेल तर मूळ प्रत आणि प्रमाणित इंग्रजी भाषांतर, दोन्ही लागतात. भारतातल्या शाळेकडून हे कागद मिळवायला महिने जाऊ शकतात, त्यामुळे उन्हाळ्यातल्या भारतभेटीत हे काम आटपून घ्यावं.

आणखी एक बारकावा. डिव्हिजन १ किंवा २ मधल्या एखाद्या विद्यापीठाने तुमचं नाव आपल्या विनंती-यादीत टाकल्याशिवाय सेंटर अंतिम शैक्षणिक निर्णय देत नाही. तोपर्यंत वरचा हिशोब स्वतः कागदावर मांडा आणि विचारणा करणाऱ्या प्रत्येक कोचला सांगा: माझा एनसीएए क्रमांक घ्या, मला यादीत टाका.

दोन वाटा, दोन वेगळे हिशोब

क्वालिफायर असाल तर डिव्हिजन १ ची अट सोपी आहे. जुकोत किमान एक पूर्णवेळ सेमिस्टर (उन्हाळ्याचं सत्र धरत नाहीत), प्रत्येक पूर्णवेळ सत्रामागे सरासरी १२ हस्तांतरणयोग्य क्रेडिट, आणि त्या क्रेडिटांवर २.५ जीपीए. रॉजर्स ब्यूटमधून एकाच वर्षात बाहेर पडू शकला, कारण हायस्कूलमधली त्याची बाजू भक्कम होती.

नॉन-क्वालिफायरला हे सगळं एकत्र लागतं: किमान तीन पूर्णवेळ सेमिस्टर किंवा चार क्वार्टर (सेमिस्टरपेक्षा छोटी सत्रं), जुकोची असोसिएट (दोन वर्षांची) पदवी, जिच्यातली किमान २५ टक्के क्रेडिट पदवी देणाऱ्या त्याच कॉलेजात मिळवलेली असावीत, ४८ सेमिस्टर किंवा ७२ क्वार्टर क्रेडिट हस्तांतरणयोग्य, त्यात ६ सेमिस्टर क्रेडिट इंग्रजी, ३ गणित, ३ निसर्गविज्ञान किंवा भौतिक विज्ञान, आणि २.५ जीपीए. यातलं एक जरी चुकलं तरी पहिल्या वर्षी सामना खेळता येत नाही.

आता २.५ या आकड्याकडे नीट बघा. जुको खेळाडूंचं सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं. जुकोंची राष्ट्रीय संघटना, एनजेसीएए, जुकोतच खेळत राहायला दुसऱ्या सेमिस्टरसाठी १२ क्रेडिट आणि १.७५ जीपीए मागते. पुढच्या वर्षासाठी २४ क्रेडिट आणि २.० पुरतो. मुलगा प्रत्येक शनिवारी मैदानात उतरतो, कोच म्हणतो तू पात्र आहेस, आणि ते खरंही असतं. पण ती पात्रता जुकोपुरती. २.० वाला मुलगा डिव्हिजन १ पासून अर्धा गुण दूर असतो, आणि अर्धा गुण वर आणणं किती जड जातं ते आकड्यांतच दिसतं.

समजा दोन सेमिस्टरमध्ये ३० हस्तांतरणयोग्य क्रेडिट झाली आणि जीपीए २.२ आहे. म्हणजे ३० × २.२ = ६६ गुणांक. ४८ क्रेडिटांवर २.५ साठी १२० गुणांक लागतात. उरले ५४, आणि क्रेडिट उरली १८. ५४ ÷ १८ = ३.०. म्हणजे ऐन मोसमात, दिवसाला तीन-चार तास सराव आणि व्हिडिओ बघणं सांभाळून, प्रत्येक विषयात सरासरी ‘बी’. हे जमतं, पण हा हिशोब पहिलं सेमिस्टर संपताच मांडला असेल तरच. शेवटच्या सेमिस्टरला लक्षात आलं तर वेळ उरत नाही.

जीपीए कसा काढतात हेही माहीत हवं. हस्तांतरणयोग्य असलेल्या प्रत्येक विषयातला ग्रेड त्यात येतो, ‘एफ’ सुद्धा, आणि नवं विद्यापीठ ज्याचं क्रेडिट देणार नाही असा ‘डी’ सुद्धा. म्हणजे त्या विषयाचं क्रेडिट मिळत नाही, पण त्याचा ग्रेड जीपीए खाली ओढतो. एखाद्या विषयात बुडत असाल तर विथड्रॉवलची शेवटची तारीख बघून वेळेत बाहेर पडा, पण १२ क्रेडिटांच्या खाली जाऊ नका, नाहीतर त्याच आठवड्यात जुकोतली पात्रता जाते. म्हणून सेमिस्टरच्या सुरुवातीला १५ क्रेडिट घ्यावीत, म्हणजे एक विषय सोडायची जागा राहते.

दुसरी मोजणी: काय हस्तांतर होतं, काय नाही

तीन प्रकारची क्रेडिट जुकोच्या ट्रान्स्क्रिप्टवर छान दिसतात आणि पुढे गळतात.

पहिला प्रकार म्हणजे रेमेडियल, पायाभूत गणित आणि इंग्रजी. ती कॉलेज-स्तराची धरत नाहीत. प्लेसमेंटमध्ये, म्हणजे कोणत्या पातळीचा वर्ग घ्यायचा हे ठरवताना, मुलगा खालच्या गणितात गेला तर कॉलेज अल्जेब्राला पोहोचायलाच एक-दोन सेमिस्टर जातात, आणि नॉन-क्वालिफायरला ती ३ गणिताची क्रेडिट हवीच असतात. म्हणून गणित पहिल्याच सेमिस्टरला सुरू करायचं. ‘मोसम संपल्यावर बघू’ म्हणून गणित वसंत सत्रात (जानेवारी ते मे) ढकलणं ही या सगळ्या प्रवासातली सर्वांत नेहमीची चूक आहे.

दुसरा, शारीरिक शिक्षणाचे प्रात्यक्षिक कोर्स. वेट ट्रेनिंग, कंडिशनिंग, ‘व्हर्सिटी फुटबॉल’ असे एकेक-दोनदोन क्रेडिटांचे विषय खेळाडूंच्या वेळापत्रकात सहज भरले जातात. ग्रेडही ‘ए’ मिळतो. डिव्हिजन १ मध्ये यातली फक्त २ क्रेडिट क्रेडिटसंख्येत आणि जीपीएत धरली जातात (शारीरिक शिक्षणातच पदवी घेणाऱ्याचा अपवाद). दोन वर्षांत अशी आठ क्रेडिट जमवलेल्या मुलाची सहा क्रेडिट आणि त्यांचे सहा ‘ए’ एकदम नाहीसे होतात.

तिसरा, व्यावसायिक स्वरूपाचे कोर्स: वेल्डिंग, ऑटो दुरुस्ती वगैरे. जुकोत ते मोलाचे असतात, पण अनेक विद्यापीठं ते घेत नाहीत.

नोंदणी करण्याआधी प्रत्येक कोर्स तपासायचा. कॅलिफोर्नियात यासाठी ‘असिस्ट’ हे सरकारी संकेतस्थळ आहे: कोणत्या कम्युनिटी कॉलेजचा कोणता कोर्स यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) किंवा सीएसयूच्या (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या) कोणत्या कोर्सच्या जागी चालतो हे तिथे विषयवार दिसतं. टेक्ससमध्ये सामायिक क्रमांकपद्धती आहे, त्यामुळे इंग्लिश १३०१ किंवा मॅथ १३१४ राज्यातल्या बहुतेक कॉलेजांत त्याच नावाने ओळखले जातात. राज्याबाहेर जायचं असेल तर विद्यापीठाच्या रजिस्ट्रारच्या संकेतस्थळावरचा समकक्षतेचा तक्ता बघा, आणि त्यात तुमचं कॉलेज नसेल तर अभ्यासक्रमाची प्रत पाठवून लेखी उत्तर मागा. त्यासाठी प्रत्येक कोर्सचा सिलॅबस पहिल्याच दिवशी पीडीएफ करून ठेवा. दोन वर्षांनी तो शोधत बसावं लागतं.

क्वार्टर पद्धतीच्या कॉलेजात असाल (बे एरियातलं डी अँझा तसं आहे) तर क्वार्टर क्रेडिटला दोन तृतीयांशाने गुणा: ९० क्वार्टर म्हणजे ६० सेमिस्टर. पाच क्वार्टर क्रेडिटांचा गणिताचा कोर्स ३.३३ सेमिस्टर होतो, चालतो. चारचा २.६७ होतो, आणि ‘४ क्वार्टर चालतात’ हा नियम माहीत नसलेला एखादा अधिकारी तो अपुरा ठरवू शकतो. नियमात इंग्रजी ८, गणित ४, विज्ञान ४ अशी क्वार्टरची वेगळी आकडेवारी आहे. ती जवळ ठेवा.

तिसरी मोजणी: चाळीस टक्के

बऱ्यापैकी गुणांची, मेहनती मुलंही इथे अडकतात, म्हणून इथे जरा थांबू.

डिव्हिजन १ मध्ये तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला निवडलेल्या पदवीची ४० टक्के क्रेडिट पूर्ण हवीत, चौथ्या वर्षी ६० टक्के, पाचव्या वर्षी ८०. ट्रान्सफर होऊन आलेल्यालाही तेच लागू. १२० क्रेडिटांच्या पदवीत ४० टक्के म्हणजे ४८.

उदाहरण घ्या. मुलाकडे जुकोची ६२ क्रेडिट आणि असोसिएट पदवी. विद्यापीठाने ५६ स्वीकारली. त्याला बिझनेस करायचंय. बिझनेसच्या आराखड्यात बसली ४२. बाकीची १४ कुठेच न लागणारी जादा ऐच्छिक. ४२ म्हणजे ३५ टक्के. ६२ क्रेडिट हातात असूनही तो ऑगस्टमध्ये अपात्र.

यातून सुटायचे मार्ग तीन. उन्हाळ्यात सहा क्रेडिट पूर्ण करायची, पण तीही त्या पदवीत बसणारीच. किंवा जास्त ऐच्छिक क्रेडिट सामावून घेणारी पदवी निवडायची, उदाहरणार्थ अनेक विद्यापीठांतली आंतरशाखीय किंवा जनरल स्टडीज. किंवा मुळात दुसऱ्या विद्यापीठात बिझनेस करायचं, जिथे आराखडा वेगळा आहे. दुसरा मार्ग कोच चटकन सुचवतात. तो बेकायदेशीर नाही, पण फुटबॉल संपल्यावर मुलाच्या हातात तीच पदवी राहणार आहे. सही करण्याआधी घरात बसून यावर बोलावं. इंजिनिअरिंग किंवा संगणकशास्त्र करायचं असेल तर जुकोतच कॅल्क्युलस आणि भौतिकशास्त्राची साखळी सुरू करावी लागते, नाहीतर ४० टक्के गाठणं फार अवघड होतं.

आणि ६० टक्क्यांचा सापळा. दुखापतीमुळे किंवा रेडशर्टमुळे (मोसम वाचवायला वर्षभर सामने न खेळल्यामुळे) जुकोत तिसरं वर्ष काढलं तर विद्यापीठात चौथ्या वर्षाचा म्हणून प्रवेश होतो आणि १२० पैकी ७२ क्रेडिट लागतात. पण यूसी आणि सीएसयू दोन्ही कम्युनिटी कॉलेजची जास्तीत जास्त ७० सेमिस्टर क्रेडिट घेतात. ७० म्हणजे ५८.३ टक्के. कितीही अभ्यास करा, जुकोतून हा आकडा गाठता येत नाही. आधीच्या उन्हाळ्यात विद्यापीठातच क्रेडिट मिळवावी लागतात. म्हणून जुकोत तिसऱ्या वर्षाचा प्रस्ताव आला की हे गणित आधी करा.

डिसेंबरमध्ये, तीन सेमिस्टरनंतर पदवी घेऊन जाणाऱ्यांना कोच पसंती देतात ती वसंतातल्या सरावासाठी. अभ्यासाच्या अंगानेही ते फायद्याचं असतं: ४० टक्क्यांची तपासणी पाचव्या सेमिस्टरच्या सुरुवातीला होते, त्यामुळे वसंत आणि उन्हाळा विद्यापीठातच कमी पडलेली क्रेडिट भरून काढायला मिळतो. मात्र तीन सेमिस्टरमध्ये असोसिएट पदवी संपवायला मधल्या उन्हाळ्यातही शिकावं लागतं. सगळं शेवटच्या उन्हाळ्यावर टाकू नका. उन्हाळी क्रेडिटांवर मर्यादा असते आणि जादा घेतलेली मोजली जात नाहीत.

पाच वर्षांचं घड्याळ

डिव्हिजन १ मध्ये पाच कॅलेंडर वर्षांत चार मोसम. घड्याळ सुरू होतं कोणत्याही कॉलेजात पहिल्यांदा पूर्णवेळ विद्यार्थी म्हणून वर्गात बसलात त्या दिवशी, आणि मग थांबत नाही. ‘कोणत्याही’ म्हणजे भारतातलंही. बारावीनंतर मुंबईत एफवायला प्रवेश घेऊन वर्ष काढलं आणि मग अमेरिकेत जुकोत आलात, तर ते वर्ष गेलं. अकरावी-बारावी मात्र यात येत नाही, कारण ती हायस्कूलच्या बरोबरीची धरतात. ‘ज्युनियर कॉलेज’ हे नाव कागदावर बघून कुणी गोंधळला तर हे स्पष्ट करून सांगावं लागतं.

ऑगस्ट २०२५ मध्ये जुकोत पूर्णवेळ सुरुवात केली आणि दोन्ही मोसम खेळला, तर २०२७ ला विद्यापीठात जाताना हातात तीन वर्षं आणि दोन मोसम असतात. कोच याला ‘थ्री टू प्ले टू’ म्हणतात. डिव्हिजन १ फुटबॉलमध्ये चारपर्यंत सामने खेळूनही मोसम वाचवता येतो. हायस्कूलनंतरचं पहिलं सत्र १२ पेक्षा कमी क्रेडिट घेऊन काढलं, ज्याला ग्रेशर्ट म्हणतात, तर घड्याळ सुरूच होत नाही. एफ-१ व्हिसावरच्या मुलाला हा मार्ग बंद आहे, कारण त्याला पूर्णवेळ शिकणं सक्तीचं असतं. त्याच मुलाने नाव-प्रतिमेच्या पैशांचा (जाहिरातीत आपलं नाव आणि चेहरा वापरू देण्याच्या मोबदल्याचा) कोणताही करार करण्याआधी कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला विचारावं. व्हिसावरच्या कामाचे नियम एनसीएएच्या नियमांपेक्षा कडक आहेत.

जुकोतले मोसम मोजावेत का, यावर कोर्टात वाद झाला आहे. न्यू मेक्सिको मिलिटरी इन्स्टिट्यूट या जुकोतून आलेल्या डिएगो पाव्हिया या व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या क्वार्टरबॅकच्या बाजूने डिसेंबर २०२४ मध्ये नॅशव्हिलच्या फेडरल कोर्टाने एनसीएएविरुद्ध मनाईहुकूम दिला. त्यानंतर एनसीएएने त्याच्यासारख्या, तो मोसम शेवटचा ठरणाऱ्या खेळाडूंना २०२५-२६ साठी सरसकट सवलत दिली. ती एका वर्षापुरती होती. तुमचं नियोजन जुकोतला प्रत्येक मोसम मोजला जाणार असं धरूनच करा, आणि ज्या विद्यापीठात जाणार तिथल्या कम्प्लायन्स ऑफिसकडून (नियमपालन कार्यालयाकडून) उरलेले मोसम ईमेलवर लिहून घ्या. कोचचा तोंडी शब्द इथे पुरेसा नाही. प्रमाणपत्र कोच देत नाही.

सही करण्याआधी काय मागायचं

जुकोतल्या खेळाडूला एनसीएएच्या ट्रान्सफर पोर्टलमध्ये नाव घालावं लागत नाही; ते एनसीएए विद्यापीठांतल्या खेळाडूंसाठी आहे. विद्यापीठं थेट बोलू शकतात. बोलणी पुढे सरकली की अद्ययावत ट्रान्स्क्रिप्ट पाठवून दोन गोष्टी लेखी मागा: क्रेडिट मूल्यांकन, आणि ठरलेल्या पदवीचा डिग्री ऑडिट (पदवीतलं किती पूर्ण, किती बाकी याचा तक्ता), टक्केवारीसह. ‘ॲडमिशन झालं की करू’ असं उत्तर आलं तर किमान अनौपचारिक हिशोब मागाच. जे कार्यालय तो देतं तिथे पुढचा मार्ग सोपा जातो.

राष्ट्रीय लेटर ऑफ इंटेंटची, म्हणजे विद्यापीठाशी बांधून घेणाऱ्या करारपत्राची पद्धत ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झाली. आता आर्थिक मदतीचा करार हाच महत्त्वाचा कागद आहे. आणि २०२५ च्या हाउस खटल्यातल्या (खेळाडूंच्या मोबदल्यावरून एनसीएएविरुद्ध झालेल्या) तडजोडीनंतर, त्यात सामील झालेल्या विद्यापीठांत फुटबॉल संघाची मर्यादा १०५ खेळाडूंची आहे, त्यामुळे ‘वॉक-ऑन (शिष्यवृत्तीशिवायचा खेळाडू) म्हणून ये, बघू’ या आश्वासनाची किंमत उतरली आहे. जागा १०५ मध्ये आहे का, हे सरळ विचारा.

डिव्हिजन १ चा हिशोब बसत नसेल तर डिव्हिजन २ मध्ये ट्रान्सफरसाठी २.२ जीपीए चालतो, आणि तिथे घड्याळ दहा पूर्णवेळ सेमिस्टरचं असतं, म्हणजे मध्ये शिक्षण थांबलं तर घड्याळही थांबतं. डिव्हिजन ३ मध्ये खेळाची शिष्यवृत्ती नसते. एनएआयए या वेगळ्या कॉलेज क्रीडा संघटनेची नोंदणी स्वतंत्र आहे. एनसीएएचं खातं तिथे चालत नाही.

शेवटचे महिने

एलिजिबिलिटी सेंटरच्या खात्यात हौशीपणाच्या अंतिम प्रमाणपत्राची विनंती स्वतः करावी लागते: ऑगस्टमध्ये जाणाऱ्यांनी १ एप्रिलपासून, जानेवारीत जाणाऱ्यांनी १ ऑक्टोबरपासून. हे एक बटण दाबायचं राहिल्याने मुलं पहिला सामना बाकावर बसून बघतात.

शेवटच्या सेमिस्टरचे ग्रेड लागल्यावर ट्रान्स्क्रिप्ट लगेच मागवू नका. असोसिएट पदवी प्रदान झाल्याची तारीख त्यावर छापली जाईपर्यंत थांबा आणि मग पाठवा. नॉन-क्वालिफायरला ती नोंद नसेल तर ४८ क्रेडिट असूनही फाइल पुढे जात नाही. पदवीसाठीचा अर्ज जुकोत आपणहून भरावा लागतो आणि त्याची मुदत सेमिस्टरच्या सुरुवातीलाच संपते. दंड, ग्रंथालयाची पुस्तकं, पार्किंगचे पैसे थकले असतील तर काही कॉलेजं ट्रान्स्क्रिप्ट अडवून ठेवतात, तेही आधी फेडा. वैद्यकीय तपासणी आणि सिकल सेल चाचणीचा अहवाल जुलैत तयार ठेवा.

विद्यापीठात पोहोचल्यावर पहिल्या शरद सत्रात फुटबॉल खेळाडूला किमान ९ सेमिस्टर क्रेडिट उत्तीर्ण व्हावीच लागतात. कमी पडली तर पुढच्या मोसमाचे पहिले चार सामने जातात. आणि सगळं करूनही प्रमाणपत्र नाकारलं गेलं तर सवलतीचा अर्ज विद्यापीठ करतं, विद्यार्थी करू शकत नाही. त्यासाठी कम्प्लायन्स ऑफिसला लागतात ते कागद म्हणजे सिलॅबस, डॉक्टरांचे अहवाल, ॲडव्हायझरने चुकीचा कोर्स सुचवल्याचा ईमेल. म्हणून जुकोतल्या ॲडव्हायझरशी झालेलं प्रत्येक बोलणं त्याच दिवशी दोन ओळींच्या ईमेलने पक्कं करून ठेवा.